हजार विड्या आणि एकशेवीस इन्व्हॉइस

सोलापूर,
नोव्हेंबर २०२५

प्रिय पोरी,

दिवाळीत फराळाचं ताट द्यायला आलीस आणि निघताना, एक पाय चपलेत आणि एक बाहेर असताना विचारलंस, "अक्का, तुम्हाला पगार किती?" तुझी आई जिन्यातून ओरडली, "अगं, असं विचारतात का कुणाला!" मी बहात्तर हजार म्हणाले. तू नुसतं "हं" केलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी हुतात्मा एक्सप्रेस पकडून तू पुण्याला गेलीस. तेव्हापासून मला चुटपुट लागून राहिली आहे की मी तुला आकडा सांगितला, हिशोब सांगितलाच नाही. पंचवीस वर्षं अकाउंट्समध्ये घालवलेल्या बाईला हे शोभत नाही.

आधी तुझ्या आईच्या बोलण्याबद्दल. विचारावं. लग्न ठरवताना मुलाचा पगार चारचौघांत विचारतो आपण, आणि नोकरीच्या बाबतीत मात्र तोंडाला कुलूप. न विचारण्याचा फायदा पगार देणाऱ्याला होतो. घेणाऱ्याला झालेला मी तरी पाहिला नाही.

माझा पहिला पगार जून १९९६ चा. नवी पेठेत एका कर सल्लागाराच्या ऑफिसात मी खतावणी लिहायला लागले, महिना १,२०० रुपये. बी.कॉम. झाले होते आणि पुढे एम.कॉम. करायचं मनात होतं, पण बाबांची गिरणी आदल्या वर्षी बंद पडली होती आणि त्यांची देणी अडकून होती. भोंगा वाजायचा थांबला तरी बाबा त्याच वेळेला उठून बसायचे. पहिल्या पगारातले हजार मी अम्माच्या हातात दिले आणि दोनशे स्वतःला ठेवले. त्या दोनशेत महिनाभर मी श्रीमंत होते, खोटं कशाला बोलू.

आता १,२०० ते ७२,०००. एकोणतीस वर्षांत साठपट. हा आकडा ऐकून तू "हं" केलंस, पण तो फुगलेला आहे. केंद्र सरकारचं लेबर ब्युरो औद्योगिक कामगारांसाठी दर महिन्याला महागाईचा निर्देशांक काढतं. त्यासाठी देशातल्या ८८ केंद्रांतून भाव गोळा होतात आणि त्यात आपलं सोलापूर आहे. म्हणजे दिल्लीतल्या साहेबाचा महागाई भत्ता ठरताना आपल्या बाजारातली ज्वारी आणि तूरडाळसुद्धा कणभर मोजली जाते. मला या गोष्टीचा उगाचच अभिमान वाटतो. तर, १९८२ साली १०० धरलेला हा निर्देशांक १९९६-९७ मध्ये ३४२ होता. नंतर त्याचा पाया दोनदा बदलला, २००१ ला आणि २०१६ ला. जुन्या-नव्या पायांची सांगड घालायला सरकारने दिलेले ४.६३ आणि २.८८ हे जोड-गुणक लावून आजचा आकडा जुन्या पायावर आणला तर तो साधारण १,९६० होतो. भाव पावणेसहापट झाले. माझे तेव्हाचे १,२०० म्हणजे आजचे जेमतेम ६,९००. खरी वाढ साठपट नाही, साडेदहापट झाली. तीही एकोणतीस वर्षांत, आणि ती सरळ रेषेत अजिबात झाली नाही. त्यावर येतेच.

या हिशोबाने पुण्यातल्या नोकरीत तुझ्या हातात येणारे बावीस हजार माझ्या पहिल्या पगाराच्या तिप्पट भरतात. पण एवढ्यावर खूश होऊ नकोस आणि कुणी हे तोंडावर फेकलं तर ऐकूनही घेऊ नकोस. मी घरी राहत होते, ऑफिसला चालत जात होते, दुपारी डब्यात अम्माच्या हातची भाकरी आणि शेंगाचटणी. तू पीजीला साडेनऊ हजार मोजतेस, वर बसचा पास, मेस बंद असेल त्या रविवारचं जेवण. दुसरं असं की पुण्यात फ्रेशरला सव्वातीन-साडेतीन लाखांचं पॅकेज २०१२ च्या सुमारासही मिळत होतं. तेव्हापासून भाव दुप्पट झाले, पॅकेज तिथेच. तुझा टीम लीडर म्हणतो ना, "आम्हीपण साडेतीनवरच लागलो होतो"? खरं बोलतोय तो. फक्त त्याच्या साडेतीनात जेवढं यायचं ते आज घ्यायला सात लागतील, एवढं त्याच्या लक्षात आलेलं नाही. तुमच्या पिढीची ही तक्रार रास्त आहे.

तुझं ऑफर लेटर मी त्या दिवशी फोनवर पाहिलं, त्याचाही हिशोब इथेच करून टाकू, कारण तुझ्या बाबांनी गल्लीभर "महिन्याला सत्तावीस हजार" सांगितलंय. सीटीसी, म्हणजे कंपनीला तुझ्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च, ३,२५,०००; महिन्याला २७,०८३. त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,५६० काढ, कारण तुझं बेसिक १३,००० आहे. ग्रॅच्युइटीचे ६२५ काढ. ते पैसे तुझ्या नावावर दाखवलेत, पण पाच वर्षं टिकलीस तरच मिळणार. विमा आणि वर्षअखेरचा बोनस मिळून १,२५०. राहिले २३,६४८. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ पुन्हा १,५६०. हातात २२,०८८. तुझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाला याच पगारात दोनशे कमी मिळतात, फेब्रुवारीत तीनशे. तो व्यवसाय कर. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना तो माफ आहे. त्याला वाटत असेल तुला लाडाने जास्त देतात, तर त्याला हे सांग.

बरं. हे झालं आकड्यांचं. मला खरं लिहायचंय ते अम्माच्या विड्यांबद्दल.

तू सोलापूरच्या पूर्व भागातली, विणकर आणि विडी कामगारांच्या वस्तीतलीच असलीस तरी तुझ्या घरात सूप घेऊन बसणारं कुणी उरलेलं नाही, म्हणून सांगते. अम्मा सकाळी पानं भिजवायची, कात्रीने मापात कापायची, मग मांडीवर सूप घेऊन वळायला बसायची. बोटांच्या चिमटीत पान, तंबाखू, वळसा, दोरा, टोक आत दाबायचं. चोविसाव्या वर्षी ती दिवे लागेपर्यंत हजार विड्या पुऱ्या करायची आणि मधल्या वेळात आम्हा तिघांना खायला घालायची. मजुरी हजारावर. कारखान्यात तपासणाऱ्याने काही नापसंत म्हणून बाजूला काढल्या की त्या गेल्या. पन्नाशी ओलांडल्यावर तिची नजर अधू झाली, बोटं आखडली, आणि दिवसाला सहा-सातशेच व्हायला लागल्या. हजाराचा दर मधल्या काळात वाढला होता, पण तिच्या शेजारी बसणाऱ्या अठरा वर्षांच्या पोरीलाही दर तोच होता. तीस वर्षं तिने विड्या वळल्या. त्या तीस वर्षांच्या अनुभवाला त्या धंद्यात किंमत शून्य. उलट वयाबरोबर कमाई उतरली.

मागावरच्या माझ्या मामाचंही तेच. पंचविशीत तो जेवढे टॉवेल काढायचा तेवढेच चाळिशीत. पन्नाशीत कमी.

आता तुझं काम आठव. तूच मला सांगितलंस की परदेशी कंपनीची बिलं सिस्टीममध्ये चढवायची, दिवसाला एकशेवीसचं टार्गेट, चुकलेली क्वालिटीवाला परत पाठवतो आणि ती मोजणीत धरत नाहीत. मी ऐकतच राहिले. एसी आहे, गळ्यात कार्ड आहे, कॅंटीनमध्ये कॉफीचं मशीन आहे, पण पोरी, ते सूपच आहे. आकडा मोजून पैसे देण्याचं कुठलंही काम पहिल्या दोन वर्षांत हात बसला की संपतं. तिसऱ्या वर्षी तू नव्या मुलीपेक्षा दहा इन्व्हॉइस जास्त करशील. दहा इन्व्हॉइससाठी कोण दुप्पट पगार देईल?

म्हणून मला बहात्तर आणि तुला बावीस, ही तुलना मुळात करूच नकोस. करायची तर आपल्याच ऑफिसात कर. उद्या गेल्यावर मजल्यावर नजर फिरव आणि पंचेचाळीस वर्षांचं माणूस शोध. तो काय करतो, त्याला किती मिळतात, तो संध्याकाळी किती वाजता निघतो. हे सगळं एका चहात कळतं. आणि पस्तिशीच्या पुढचं कुणी सापडलंच नाही, तर विचार की ती माणसं गेली कुठे. ज्या कामात बावीस वर्षांच्या आणि पंचेचाळीस वर्षांच्या माणसाच्या पगारात फारसं अंतर नाही, तिथे सुरुवातीला चार हजार जास्त मिळाले तरी मी हुरळून जाणार नाही. अशा कामाला मी वाईट म्हणणार नाही. अम्माच्या विड्यांवर आम्ही तिघं शिकलो, आणि विडी कामगारांना पीएफ लागू झाल्यामुळे म्हातारपणी तिच्या हातात चार पैसे तरी आले. पण आपण वर चढतोय की एका जागी पाय हलवतोय, हे माहीत असलेलं बरं.

माझे पगार कधी वाढले ते सांगते. वर्षं नुसती उलटली म्हणून फारच थोडे वाढले. तीन वर्षांनी त्या ऑफिसातून मी एका टॉवेल कारखान्यात २,६०० वर गेले आणि २००२ मध्ये ३,४०० वर असताना मुलासाठी नोकरी सोडली. २००६ ला परत आले तेव्हा आमच्या धंद्यातली भाषाच बदलली होती. १ एप्रिल २००५ ला व्हॅट आला होता आणि मला जुना विक्रीकर तेवढा येत होता. मालकांनी विचारलं, "किती देऊ?" मी म्हणाले, "तुम्ही द्याल ते." त्यांनी चार हजार दिले. भावांचा हिशोब लावला तर ते चार वर्षांपूर्वीच्या ३,४०० पेक्षा थोडे कमीच होते.

मुलाबरोबरच्या त्या चार वर्षांचा मला पश्चात्ताप नाही. "तुम्ही द्याल ते" या तीन शब्दांचा आहे. कारण पुढची प्रत्येक वाढ त्या चार हजारांवर टक्क्यांनी मिळाली, आणि नोकरी बदलताना पुढच्यानेही पहिलं हेच विचारलं, आधी किती होता. सहा हजार मागितले असते तर पाच साडेपाच तरी मिळाले असते, आणि ती दीड हजारांची तफावत दर वर्षी व्याजासारखी वाढत गेली. उद्या तुझ्यावर अशी वेळ आली, लग्नामुळे म्हण, मुलामुळे म्हण, आजारपणामुळे म्हण, तर परत येताना मधे काय बदललं ते आधी शिकून ये आणि आकडा तू सांग. तुझा आवाज कापेल. कापू दे.

मोठी उडी मात्र १ जुलै २०१७ नंतर आली. तोवर मी इथल्याच एका निर्यात करणाऱ्या कारखान्यात ३१,००० वर होते. जीएसटी लागू झाला आणि निर्यातदारांना परत मिळायच्या कराचे परतावे अडकले. आमचे जवळजवळ वर्षभर अडकले. पोर्टलवर शिपिंग बिलापुढे, म्हणजे निर्यातीच्या कस्टम्सच्या कागदापुढे, एसबी००५ असा शेरा दिसायचा. अर्थ एवढाच की कस्टम्सकडच्या कागदातला इन्व्हॉइस नंबर आणि आपल्या रिटर्नमधला नंबर जुळत नाही. एकीकडे आडवी रेघ दिली आहे, दुसरीकडे नाही. असल्या कारणाने लाखो रुपये अडकायचे. मालक सुताचे पैसे द्यायला इकडून तिकडून उसने आणत होते. मी दोन महिने रात्री आठपर्यंत बसून एकेक बिल समोरासमोर ठेवलं, कुठला घोळ कशाने होतो त्याची वही केली, आणि परतावे सुटायला लागले. पुढच्या वर्षी पगार ४५,००० झाला. मी मागितला नव्हता असं नाही, मागितला होता. पण त्या वेळी मालकांना नाही म्हणता आलं नसतं.

इन्व्हॉइसच होते बघ ते पण. तूही इन्व्हॉइस चढवतेस. मी चढवत नव्हते, का अडकले ते शोधत होते, एवढाच फरक. तुझ्या टीममध्ये दोन खात्यांची जुळवणी करणारं, महिनाअखेरीला हिशोब बंद करणारं, परत आलेल्या बिलांच्या कारणांची छाननी करणारं कुणीतरी असेल. त्याच्या हाताखाली आठवड्याला दोन तास मागून घे, पगार न वाढता. सहा महिने टार्गेट सांभाळून हे कर. कंपनीने तुला तिकडे घेतलं नाही तर दुसरीकडे सांगायला तुझ्याकडे काहीतरी असेल. आणि इन्व्हॉइस चढवण्याचं काम यंत्र करायला लागलंच आहे, हे मी तुला सांगायची गरज नाही. तुमच्या कंपनीचाच मेल तू मला दाखवलास.

तुझ्या भावाबद्दलही बोलायचं होतं. तो म्हणतो, सरकारी नोकरी म्हणजे पगार आपोआप वाढतो. वाढतो, पण डोळे दिपण्याआधी भागाकार करायचा. केंद्रात सगळ्यात खालच्या पदाचं मूळ वेतन १९९६ पासूनच्या वेतन आयोगात २,५५० होतं, २०१६ पासूनच्या आयोगात १८,०००. सातपट दिसतं. त्याच वीस वर्षांत भाव चौपट झाले. उरली पावणेदोनपट. वार्षिक वाढ तीन टक्के. नुसत्या तिच्यावर मूळ वेतन दुप्पट व्हायला चोवीस वर्षं लागतात, बाकी सगळं महागाई भत्त्यावर आणि बढतीवर. तरीही चांगली नोकरी आहे, कारण ती उतरत नाही. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. नंतर त्यांनी एका गोदामावर रात्रपाळीचा वॉचमन म्हणून काम केलं, गिरणीतल्या पगाराच्या निम्म्याहून कमी पैशांत. माणसाची कमाई पन्नाशीत सगळ्यात जास्त असते असं म्हणतात; आमच्या घरात ती चाळिशीत होती, आणि त्या चाळिशीत बाबांना ते ठाऊक नव्हतं. तुझ्या भावाने परीक्षा द्याव्यात, फक्त वयाची किती वर्षं त्यात घालवायची ते आत्ताच ठरवावं. हे मी त्याला सांगितलं तर तो उठून जातो, म्हणून तू सांग.

अजून एक माझी चूक, मग थांबते. २००२ मध्ये नोकरी सोडली तेव्हा पीएफचे १९,००० मी काढून घेतले. फ्रिज घेतला, उरले ते नणंदेच्या लग्नात गेले. फ्रिज बारा वर्षं चालला. तेव्हापासून आजवर पीएफचं व्याज आठ टक्क्यांच्या खाली एकदाही आलेलं नाही. ते पैसे नव्या खात्यात नेत राहिले असते तर आज १,११,००० च्या वर असते, आणि पेन्शनला लागणारी दहा वर्षं मोजताना ती तीन वर्षंही धरली गेली असती. तुझ्या आधीच्या कंपनीतले नऊ हजार पडून आहेत असं तू म्हणालीस आणि त्यातून फोन घ्यायचा विचार आहे. फोन हप्त्याने घे, जुना वापर, माझा घेऊन जा. ते नऊ हजार यूएएनवरून, म्हणजे पीएफच्या तुझ्या कायमच्या क्रमांकावरून, नव्या खात्यात वळव. ऑनलाइन होतं, आधारवरचं नाव आणि कंपनीने लिहिलेलं नाव सारखं आहे का तेवढं आधी बघ. आपल्या पद्मशाली आडनावांचं स्पेलिंग पुण्यातल्या एचआरला आजवर कधी धड लिहिता आलेलं नाही.

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या जत्रेला, गड्ड्याला येशीलच. येताना तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप आणि ते ऑफर लेटर छापून आण, फोनवर मला नीट दिसत नाही. पंचेचाळीस वर्षांचं कुणी सापडलं का तेही सांग. आणि तुझ्या रूममेटसाठी शेंगाचटणी करून ठेवली आहे, या खेपेस तिखट कमी घातलंय. मागच्या वेळी त्या नागपूरच्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणालीस, त्याचं मला आश्चर्यच वाटलं.

तुझी,
अक्का